आनंद करण्याची आज्ञा

‘आनंद कर’ असं कुणाला फर्मावता येतं का? ज्यू धर्माविषयी वाचायला लागलेल्या माणसाला हा प्रश्न हटकून पडतो. मोशेच्या पाच पुस्तकांना ज्यू लोक तोरा म्हणतात. सणाच्या दिवसांत आनंद करायचा, असं या तोरामध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ती नुसती सदिच्छा नाही. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, यांच्याच जोडीला बसवलेली ती आज्ञा आहे. चोरी करायची की नाही हे माणसाच्या हातात असतं. पण मन उदास असेल, घरात आजारपण असेल, तर आनंद आणायचा कुठून?

या प्रश्नाचा माग काढताना आणखी दोन गोष्टी सामोऱ्या येतात, एकत्र येणं आणि देणं. ज्यू धर्मजीवनात या तिन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एकीची गाठ सोडवायला घेतली की बाकीच्या दोन आपोआप हातात येतात.

1. आज्ञा मनाला की हाताला?

सुगी संपली की, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सुक्कोथ हा मांडवांचा सण येतो. घराबाहेर फांद्यापानांच्या छपराची खोपी उभारायची आणि सात दिवस तिच्यात जेवायचं, जमलं तर तिथेच झोपायचं. वाळवंटात भटकणाऱ्या पूर्वजांची ती आठवण. मराठी बायबलात ज्याला ‘अनुवाद’ म्हणतात त्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात या सणाची आज्ञा आहे. तिच्यात आनंद कुणी करायचा याची यादी दिली आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा नोकर, तुझी मोलकरीण, तुझ्या गावातला लेवी (म्हणजे ज्याच्या वाट्याला जमीन आली नाही असा मंदिरसेवक), परका माणूस, अनाथ आणि विधवा.

मन कसं असावं याबद्दल इथे अवाक्षर नाही. कुणाला सोबत घ्यायचं, एवढंच सांगितलं आहे. आज्ञा मनाला नसून हाताला आहे, हे इथे लक्षात येतं. आपल्याकडच्या लग्नघरात हेच घडतं. आज तुझं मन प्रसन्न आहे का, असं कुणी विचारत नाही. पंगतीत वाढायला उभं करतात, पाहुण्यांना हवं-नको विचारायला धाडतात, आणि चार पंगती उठेपर्यंत कालचा रुसवा कुठे गेला ते कळत नाही. हाताला काम मिळतं आणि मन मागून येतं.

बाराव्या शतकात कैरोजवळच्या फुस्तातमध्ये मायमोनिडीस नावाचा एक पंडित होता (1138 ते 1204). दिवसा वैद्यकी करायची आणि उरलेल्या वेळात लिहायचं, असा त्याचा क्रम. विखुरलेले ज्यू धर्मनियम एकत्र आणून त्याने ‘मिश्ने तोरा’ हा चौदा भागांचा ग्रंथ रचला. सणाचा आनंद कसा करायचा, हे त्यात एखाद्या हिशेबनिसाच्या बारकाईने नोंदलं आहे. मुलांना भाजलेलं धान्य, सुकामेवा आणि गोड खाऊ द्यावा. बायकांना ऐपतीप्रमाणे कपडे आणि दागिने घ्यावेत. पुरुषांनी मांस खावं, द्राक्षमद्य घ्यावं. पण लगेच पुढे तो कडक होतो. जो माणूस दाराला कडी लावून बायकामुलांसह खातोपितो आणि गरिबाला, दुःखिताला वाढत नाही, त्याचा आनंद धर्माच्या खाती जमा होत नाही. तो निव्वळ पोटाचा आनंद, असं मायमोनिडीस म्हणतो.

पुढचं सगळं याच मुद्द्यावर उभं आहे. दार बंद करून केलेला आनंद नियमात बसत नाही. धर्मशास्त्राने सांगितलेल्या इतक्या बारीकसारीक नियमांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

2. दहावा माणूस

दार उघडं ठेवायचं तर बाहेर माणसं हवीत. ज्यू धर्मात त्यांची संख्याही ठरलेली आहे, ती म्हणजे दहा. सामुदायिक प्रार्थनेतले महत्त्वाचे भाग दहा प्रौढांशिवाय म्हणता येत नाहीत. तोराची गुंडाळी पेटीतून काढून आशीर्वादांसह वाचायची, तरी दहा लागतात. या दहांच्या मेळ्याला मिन्यान म्हणतात. परंपरानिष्ठ पंथांत वयाची तेरा वर्षं पूर्ण झालेले पुरुषच मोजले जातात. सुधारणावादी पंथांनी पुढे बायकांनाही त्यात घेतलं, आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

समजा, सकाळी प्रार्थनेला नऊ जण जमले आहेत, आणि नऊही जण थोर पंडित आहेत. तरी अडलं. आता शेजारच्या गल्लीतला चांभार किंवा दुपारी भाजी विकणारा मुलगा आत आला की प्रार्थना सुरू. मोजताना विद्या, पैसा, घराणं काहीही बघत नाहीत. दहावा माणूस कुणीही असो, तो पहिल्याइतकाच लागतो.

या नियमाची खरी ताकद शोकात दिसते. आई किंवा वडील गेले की मुलाने अकरा महिने रोज कद्दिश म्हणायची असते. ही ईश्वराच्या स्तुतीची प्रार्थना आहे. तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. पण ती एकट्याने म्हणता येत नाही, तिला समोरून ‘आमेन’ म्हणणारे हवेत. ज्याला घराबाहेर पडू नये, कुणाचं तोंड बघू नये असं वाटतं, त्यालाच धर्म रोज माणसांत ओढून नेतो. आणि बाकीच्या नऊ जणांना माहीत असतं की आज आपण गेलो नाही तर त्या बिचाऱ्याची कद्दिश राहील. कुणी सांत्वनाचं भाषण करत नाही, फक्त येऊन उभं राहतात.

ज्यूंचे आपसांत वाद कमी नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या शिष्यपरंपरा शेकडो प्रश्नांवर एकमेकींच्या विरुद्ध होत्या, अगदी विवाहाच्या नियमांवरही. तरी त्यांच्या घरांत सोयरिकी होत राहिल्या, अशी नोंद मिश्ना या जुन्या धर्मसंहितेत मुद्दाम ठेवली आहे. हरलेल्या पक्षाची मतंही पुसलेली नाहीत, तीही ग्रंथात आहेत. म्हणून ज्यू धर्मात एकी म्हणजे एकमत असं समजू नये.

3. शेताचा कोपरा

आता देण्याकडे वळू. ज्यू धर्मातल्या दानाला त्सेदाका म्हणतात. त्यासाठी दयेचा पाझर फुटायची वाट पाहायची नसते. शेतकऱ्याचं पीक पूर्णपणे त्याचं नसतं, अशी मूळ कल्पना आहे.

कापणी करताना शेताचा कोपरा तसाच उभा ठेवायचा, तो गरिबांचा. किती ठेवायचा? तोरा माप देत नाही, पण मिश्नाने किमान मर्यादा घातली, ती साठावा हिस्सा. म्हणजे शेतात साठ पेंढ्यांचं पीक असेल तर निदान एक पेंढीभर उभं सोडायचं, आणि गावात गरीब जास्त असतील तर अधिक. कापताना हातातून एक-दोन कणसं पडली तर ती उचलायची नाहीत. तीन पडली तर ती मालकाची. रानात पेंढी विसरून राहिली तर परत आणायला जायचं नाही.

कोपरा शेवटच्या टोकालाच का ठेवायचा, याचीही कारणं पंडितांनी सांगितली आहेत. जागा आधीच ठरलेली असली की गरिबाला दिवसभर ताटकळत बसावं लागत नाही. मालकालाही गुपचूप आपल्याच नात्यातल्या गरिबाला बोलावून सगळं देता येत नाही. आणि वाटेने जाणाऱ्याला शेताकडे पाहून, याने गरिबांचा वाटा ठेवलेला दिसत नाही, असा संशय येत नाही. गरिबाचा वेळही मोलाचा असतो, हा विचार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केलेला आहे.

बेथलेहेममधल्या बोअझच्या शेतात अशीच पडलेली कणसं वेचायला मवाब देशाची विधवा रूथ आली होती. ती परकी होती, गरीब होती, सोबत म्हातारी सासू होती. पुढे बोअझने तिच्याशी लग्न केलं आणि दावीद राजा तिचा पणतू. शावुओथ या कापणीच्या सणाला अनेक सिनेगॉगांत, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहांत, रूथची गोष्ट वाचली जाते. ज्या विधवेने दुसऱ्याच्या शेतातली कणसं वेचली, तिच्या वंशात राजा जन्मला, हे दरवर्षी सगळ्यांच्या कानी पडतं.

शेती सुटून व्यापार आला तेव्हा कोपऱ्याच्या जागी कमाईचा दहावा हिस्सा देण्याची रीत आली. घरात महिन्याला 40,000 रुपये येत असतील तर 4,000 द्यायचे. फार उदार माणसाने 8,000 द्यावेत, त्यापुढे जाऊ नये. गालीलमधल्या उशा या गावी जमलेल्या पंडितांनी दुसऱ्या शतकात ही पाचव्या हिश्शाची वरची मर्यादा घातली. देता देता स्वतःवर हात पसरायची वेळ येऊ नये, हा हेतू. आणि दानावर जगणाऱ्यानेही मिळालेल्यातून थोडं दुसऱ्याला द्यायचं असतं. देण्याचा मान त्याच्याकडूनही काढून घेतलेला नाही.

4. घेणाऱ्याचा चेहरा

देणं ठरलं, किती ते ठरलं. कसं द्यायचं, इथे मात्र ज्यू शास्त्र फार वेळ थांबतं, आणि आपणही थांबू.

जुन्या ज्यू वस्त्यांत दोन व्यवस्था असत. एक रोजच्या अन्नाची, ज्याला आज जेवायला नाही त्याच्यासाठी. दुसरी पेटीची: आठवड्याच्या खर्चाला पुरतील असे पैसे दर शुक्रवारी गरजूंना वाटले जात. पेटीचे पैसे दोघांनी मिळून गोळा करायचे आणि तिघांनी मिळून वाटायचे. गोळा करणाऱ्याला रस्त्यात नाणं सापडलं तरी ते स्वतःच्या खिशात न टाकता पेटीत टाकायचं, कारण बघणाऱ्याला वाटायचं की हा पेटीतलंच घेतोय.

तल्मूद म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा महाग्रंथ. त्यात मार उकवा नावाच्या पंडिताची गोष्ट आहे. त्याच्या शेजारी एक गरीब राहत असे. मार उकवा रोज त्याच्या दाराच्या बिजागरीच्या खाचेत चार नाणी टाकून जाई. आज कोण येतो ते बघायचंच, असं एके दिवशी गरिबाने ठरवलं. नेमका त्या दिवशी मार उकवाला अभ्यासगृहात उशीर झाला होता आणि बायको सोबत होती. दार हललं तसा गरीब बाहेर आला. नवरा-बायको पळत सुटली आणि जवळच्या एका भट्टीत लपली. निखारे नुकतेच बाहेर ओढले होते, तळ अजून तापलेला होता. मार उकवाचे पाय पोळले. बायको म्हणाली, माझ्या पायांवर पाय ठेवा. तिचे पाय भाजत नव्हते! तो खट्टू झाला. तिने कारण सांगितलं: मी घरी असते. दारी येणाऱ्याला मी तयार अन्न देते, ते लगेच पोटात जातं. तुम्ही पैसे देता, त्यातून त्याला अजून विकत आणायचं असतं.

या गोष्टीत दोन धडे आहेत. पहिला सगळ्यांना चटकन दिसतो: घेणाऱ्याला लाजवण्यापेक्षा भट्टीत शिरलेलं बरं. दुसरा बायकोचा आहे आणि मला तो जास्त खोल वाटतो. गरजेच्या क्षणी हातात पडलेली भाकरी ही गुप्तपणे ठेवलेल्या पैशांपेक्षा श्रेष्ठ ठरते. तल्मूदने हा निवाडा बाईच्या तोंडी दिला आहे आणि नवऱ्याला तिच्या पायांवर उभं केलं आहे.

द्यायचं ते त्याच्या गरजेप्रमाणे, असं तोरा सांगते. पण गरज कुणाची किती? हिल्लेलने एका चांगल्या घरच्या, पण हलाखीत गेलेल्या माणसाला बसायला घोडा आणि पुढे धावायला नोकर दिला, कारण त्याला तीच सवय होती. एके दिवशी नोकर मिळाला नाही तेव्हा हिल्लेल स्वतः त्या घोड्यापुढे तीन मैल धावला. (हा मैल जुना, आपल्या किलोमीटरच्या आसपासचा.) हे अती झालं असं वाटेल. पण भाकरी गेल्याचं दुःख आणि मान गेल्याचं दुःख ही दोन वेगळी दुःखं आहेत, हे हिल्लेलला ठाऊक होतं.

मायमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या मांडल्या. सर्वांत खाली आहे तो खिन्न चेहऱ्याने देणारा. त्याच्या वरची पायरी कमी, पण हसतमुखाने देणाऱ्याची. म्हणजे रक्कम थोडी असली तरी चेहरा प्रसन्न असेल तर पायरी वरची! त्यावर मागितल्यावर पुरेसं देणारा, त्यावर मागण्याआधी देणारा. मग येतात नाव झाकलेली दानं. काही जुने पंडित वस्त्राच्या टोकाला नाणी बांधून ते टोक पाठीवर सोडत आणि चालू लागत, गरिबांनी मागून येऊन सोडवून घ्यावं म्हणून. जेरुसलेमच्या मंदिरात एक गुप्त दालन होतं. पापभीरू लोक तिथे पैसे ठेवून जात आणि चांगल्या घराण्यातले गरजू गुपचूप घेऊन जात. कुणी ठेवलं, कुणी नेलं, कुणालाच कळत नसे. पण याच्याही वर, सगळ्यांत उंच पायरीवर आहे तो हात पसरायची वेळच येऊ न देणारा: कर्ज देणारा, धंद्यात भागीदार करून घेणारा, काम मिळवून देणारा.

ही वरची पायरी पुस्तकात राहिली नाही. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात 1892 मध्ये हिब्रू फ्री लोन सोसायटी सुरू झाली. पूर्व युरोपातून आलेल्या कंगाल लोकांना छोटा धंदा उभा करायला ती बिनव्याजी कर्ज देई. संस्था अजून चालू आहे. जगभरच्या ज्यू वस्त्यांत अशी घरगुती ‘गेमाख’ असतात, कुणाकडे बिनव्याजी पैसे, कुणाकडे नवरीचे पोशाख, कुणाकडे बाळाचा पाळणा. वापरायचं आणि परत करायचं.

5. उसने पांढरे कपडे

ज्यू पंचांगातल्या अव महिन्याच्या पंधराव्या दिवशी जेरुसलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जात, असं मिश्ना सांगते. हे कपडे उसने असायचे, सगळ्यांचेच. राजाची मुलगी महायाजकाच्या मुलीकडून घेई, आणि तशीच रांग खालपर्यंत जाई. जिच्याकडे धड कपडा नाही तिला ओळखू येऊ नये म्हणून जिच्याकडे पेट्या भरून कपडे आहेत तिनेही मागून आणायचा!

शोकातही हेच. अंत्यविधीनंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं असतं, शोकाकुल घराने स्वतःचं खायचं नसतं. एके काळी श्रीमंतांकडे हे अन्न चांदीच्या परड्यांतून येई आणि गरिबांकडे वाळुंजाच्या सोललेल्या काटक्यांच्या परड्यांतून. गरिबांना ओशाळवाणं होऊ लागलं, तेव्हा पंडितांनी ठरवलं की सगळ्यांकडे काटक्यांच्याच परड्या जातील. आनंद असो की दुःख, समाजाने एकत्र येताना कुणाचा चेहरा उतरता कामा नये.

6. पूरिमचा हिशेब

तिन्ही धागे एका दिवसात पाहायचे तर पूरिम पाहावा. इराणच्या दरबारात ज्यूंच्या नाशाचा कट झाला आणि एस्तेर राणीमुळे तो उधळला, त्याचा हा सण. अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येतो, बहुधा मार्चमध्ये. मुलं सोंगं घेतात, हामान या खलनायकाचं नाव वाचनात आलं की खुळखुळे वाजवून ते बुडवतात. सगळा दंगा. पण दंग्याखाली चार कर्तव्यं चोख मांडलेली आहेत: एस्तेरची गोष्ट ऐकायची, निदान एका मित्राला निदान दोन खायचे पदार्थ पाठवायचे, निदान दोन गरिबांना दान द्यायचं आणि मेजवानी करायची.

समजा, पूरिमसाठी एका घराने 3,000 रुपये बाजूला काढले. मेजवानी, मित्रांची ताटं आणि गरिबांचं दान यांत हात कुठे सैल सोडायचा? मायमोनिडीसचं उत्तर स्वच्छ आहे: गरिबांच्या वाट्याला. गरीब, अनाथ, विधवा यांच्या मनाला आनंद देण्यापेक्षा मोठा आनंद नाही, असं त्याचं म्हणणं. शिवाय या दिवशी चौकशी करायची नाही. जो हात पुढे करेल त्याला द्यायचं.

आनंद वाटून घेतला की तो भीतीलाही पुरून उरतो, याचा पुरावा गेल्या शतकातला आहे. सोव्हिएत राजवटीत ज्यूंना धर्मशिक्षण जवळजवळ बंद होतं. तरी 1960 च्या दशकात सिमखाथ तोराच्या रात्री, म्हणजे तोराच्या गुंडाळ्या घेऊन नाचण्याच्या सणाला, मॉस्कोच्या आर्खिपोवा रस्त्यावरच्या सिनेगॉगबाहेर हजारो तरुण जमू लागले. त्यांतल्या बहुतेकांना हिब्रू येत नव्हतं, प्रार्थना माहीत नव्हत्या. पाळत ठेवणारे पोलीस आसपास असत. तरी ही मुलं रस्त्यात गात होती, नाचत होती. लेखक एली वीझेल यांनी तो नाच पाहिला आणि त्यावर लिहिलं, त्यातून बाहेरच्या जगातल्या अनेकांना तो कळला.

7. पोह्यांचं ताट

हा विषय आपल्या अगदी दाराशीही आहे. रायगडच्या किनाऱ्यावर अनेक शतकं राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू तेलाचा धंदा करत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पूरिमला ते होळीचा सण म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. आज कोकणातल्या गावांत त्यांची मोजकीच घरं उरली आहेत आणि तिथे दहावा माणूस शोधणं ही खरीच चिंता असते.

पुण्याचं ससून रुग्णालयही देण्याच्या याच परंपरेतलं. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते उभं राहिलं आणि 1867 मध्ये सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी उघडलं. त्यांची समाधी पुण्यातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात आहे.

एकीचा आदर्श सांगताना तो मोडल्याचंही सांगायला हवं. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या वंशशुद्धतेबद्दल तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला शंका काढली. इतर ज्यूंशी लग्न करायचं तर पिढ्यांची चौकशी होऊ लागली. ज्या धर्माने उसन्या कपड्यांची रीत घालून दिली त्याच्याच पीठाने ही माणसं वेगळी काढली, हे मला अन्यायाचं वाटतं. बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. 1964 मध्ये ते सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत असं तिथल्या सरकारने संसदेत जाहीर केलं आणि धर्मपीठाला आपला नियम बदलावा लागला.

तिथे जाताना या लोकांनी मलिदाही नेला. नवस फिटला, लग्न ठरलं, घर घेतलं की एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी श्रद्धा आहे. भिजवलेल्या पोह्यांत खवलेला ओला नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा मिसळून ताटात रास करतात, भोवती फळं मांडतात, हिब्रूत एलियाहूचं गीत गातात. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीत येणाऱ्याचा वेगळा. ते म्हणून झाले की जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर मलिदा पडतो. इस्रायलमधले बेने इस्राएल आता हैफाच्या डोंगरातल्या एलियाहूच्या गुहेत जमतात, आणि तिथेही ताटात पोहेच असतात.